आतून झिजलेलं बूच

१

आकाराम पोवाराच्या गॅरेजात रोज सकाळी दोन उदबत्त्या लागायच्या. एक जोतिबाच्या तसबिरीला, दुसरी दारात उभ्या असलेल्या ट्रकला. पहिलीत श्रद्धा होती, दुसरीत नुसता धंदा.

शिरोलीच्या पुढं हायवेला लागून त्याचं पत्र्याचं शेड. एकतीस वर्षं त्यानं डिझेल ट्रकचे टर्बो उघडले आणि बसवले, दुसरं काही केलं नाही. नव्या गिऱ्हाइकाला तो एकदाच समजावून सांगे, दुसऱ्यांदा विचारलं तर खेकसे. "पावणं, सोपं हाय. सायलेन्सरकडं निघालेला धूर फुकट जाऊ द्यायचा न्हाय. जाता जाता त्यानं एक चाक फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. ते बाहेरची हवा वढतंय आन् इंजिनात कोंबतंय. म्हंजे जाणारा श्वास येणाऱ्याला वढून आणतोय. मधी कुठं भोक पडलं, की गाडी चढाला दमती आन् काळा धूर वकती. कळलं?"

ते भोक शोधायला उदबत्ती. इंजिन चालू करायचं आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या पाइपाच्या प्रत्येक सांध्याशी उदबत्ती धरत जायचं. जिथं धूर गपकन आत ओढला जाईल तिथं खोट. मोठ्या शोरूमवाल्यांकडं यासाठी मशीन असतं म्हणे. आकारामला त्या मशीनचं कधी कौतुक वाटलं नाही.

त्या मंगळवारी दारात उभा होता तो ट्रक घरचाच होता. जावयानं, सम्राटनं, पंधरा दिवसांपूर्वी घेतलेली जुनी दहा चाकी गाडी. दुसऱ्याच्या गाडीवर नऊ वर्षं स्टेअरिंग फिरवल्यावर पोरानं स्वतःची गाडी केली होती, आणि तीही आकारामच्या शब्दावर. "घ्या बिनघोर, इंजिन मी बघितलंय," असं तो चारचौघांत बोलून बसला होता. शुक्रवारी बिद्रीच्या कारखान्यातून साखर भरून फोंडा घाटानं खाली कोकणात उतरायचं, ही पहिली फेरी. त्याआधी एकदा हवेचे पाइप तपासून टाकावेत म्हणून त्यानं गाडी बोलावून घेतली होती.

त्यानं केबिन पुढं कलती केली, हवेचा पाइप टर्बोपासून सोडवला, उदबत्ती पेटवली आणि हातात धरून किल्ली शोधू लागला. तेवढ्यात त्याचं लक्ष धुराकडं गेलं. सरळ वर चाललेली धुराची रेघ टर्बोच्या उघड्या तोंडाकडं झुकली आणि आत गेली. मग बाहेर ढकलली गेली. मग पुन्हा आत.

इंजिन बंद होतं. किल्ली त्याच्या खिशात निघाली.

२

आकाराम भुताखेताला मानणारा माणूस नव्हता. घरचा देव मानायचा, बाकी सगळं नट-बोल्टनं समजावून घ्यायचं, असा त्याचा खाक्या. त्यानं पंखा बंद केला. शटर खाली ओढलं. हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांचा वारा आत येत असेल म्हणून फटीत पोती दाबली. गरम इंजिन थंड होताना हवा हलते हे त्याला ठाऊक होतं, पण ही गाडी कालपासून थंड पडलेली. शेवटी बॅटरीची वायरसुद्धा काढून ठेवली.

धूर आत जात होता आणि बाहेर येत होता. त्यानं मनात आकडे मोजले. आत पाच, बाहेर पाच. मधे किंचित थांबायचा. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून मोजावं तसं तो मोजत राहिला, आणि आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर त्यानं उदबत्ती बुटाखाली विझवली.

शटर खडखडलं. सम्राट डबा घेऊन आला होता. "काय वो मामा, दार लावून जप कराय बसलासा व्हय?"

"वारं येतंय," आकाराम म्हणाला.

"काय निघालं का गाडीत?"

इथं खरं बोलायची वेळ होती. पण बोलायचं काय? आणि कुणाच्या तोंडानं? गाडी चांगली म्हणून सांगणारा तोच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "काय न्हाय. एक क्लिप सैल हुती," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण उघडायला घेतलं.

सम्राट गेल्यावर त्यानं गाडीची अवजारांची पेटी उपसली. जॅक, पाने, दोरखंड, चिंध्या. तळाशी एक लाकडी बूच निघालं. चांगलं सागवानी, बरोबर त्या तोंडाच्या मापाचं कातून घेतलेलं. उंदीर शिरू नयेत म्हणून कुणी असं काही करतं, त्यात नवल नव्हतं. नवल पुढं होतं. बुचाची बाहेरची बाजू, जिथं माणसाचा हात लागायचा, ती कोरी करकरीत होती. आतली बाजू मात्र वाटीसारखी खोल झिजली होती. लाकूड गुळगुळीत झालं होतं, देवळाच्या उंबऱ्याचं होतं तसं.

त्यानं त्यावर बोट फिरवलं आणि लगेच काढून घेतलं. त्याला भीती वाटली, उगाच कशाला खोटं बोला.

३

गाडी विकणारा विजयसिंह कोल्हापुरातल्या रुईकर कॉलनीत राहायचा. सहा गाड्या होत्या त्याच्या एके काळी, आता सगळ्या विकून बसला होता. आकाराम ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला नव्हता, पण त्या दिवशी त्यानं तेच केलं. पाऊसपाणी झालं, उसाचा हंगाम झाला, मग कसंबसं म्हणाला, "ते बूच सापडलं पेटीत."

विजयसिंह चहा ओतत होता. डाव्या हातानं. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता तो तिथंच राहिला. कप त्यानं डाव्याच हातानं पुढं केला. घरी आलेल्या माणसाला डाव्या हातानं चहा? आकारामच्या मस्तकात गेलं. एवढी मस्ती! पण त्यानं कप घेतला.

"घालत जावा," विजयसिंह म्हणाला. "गाडी हुबी केली की घालायचं. उंदरं शिरत्यात."

"कोल्हापुरात बाकीच्या गाड्यांत शिरत न्हाईत, ते?"

"शिरत असतील की. मला काय म्हाईत."

"इकलीसा का एवढी चांगली गाडी?"

"वय झालं आता." विजयसिंह पन्नाशीचासुद्धा नव्हता. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग फार हळू आवाजात बोलला, "जावयाला सांगा, काय झालं तर तोंड दाबाय हात घालू नका म्हणावं. पोतं वापरा, फळी वापरा. हात नको."

"ते मला शिकवू नगा," आकाराम म्हणाला आणि उठला.

दारापर्यंत पोचवायला विजयसिंह आला नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं हे नक्की. परतीच्या वाटेवर आकारामनं ठरवून टाकलं, की ह्या माणसानं टर्बोत काहीतरी गडबड करून गाडी गळ्यात मारलीय. फसवणुकीचा राग त्याला भीतीपेक्षा सोयीचा वाटला.

४

बुधवारी दुपारी त्यानं इंजिन चालू केलं. टर्बोची शिट्टी स्वच्छ, धूर विरळ, सगळं नेटकं. दहा मिनिटांनी त्यानं किल्ली फिरवून बंद केलं.

इंजिन बंद झालं नाही.

याला गॅरेजात गाडी सुटणं म्हणतात. टर्बोचं सील फुटलं की इंजिनाचं तेल हवेच्या वाटेनं आत जातं आणि इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं. किल्ली काढा, डिझेल तोडा, त्याला फरक पडत नाही. आवाज चढत जातो आणि शेवटी इंजिन फुटतं. इलाज एकच, नाक दाबणं. हवेचं तोंड बंद केलं की ते गुदमरून मरतं. पण ती ओढ अशी असते की हाताची बोटं चाकात जातात, म्हणून आकाराम सगळ्यांना बजावून सांगायचा, हात कधी लावू नका.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पोतं भिंतीपाशी होतं आणि आवाज किंचाळीपर्यंत चढला होता. त्यानं हवेचा पाइप उपसला आणि उजवा तळहात सपाट तोंडावर मारला. हात खांद्यापर्यंत ओढल्यासारखा झाला. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

त्यानं टर्बो तिथंच तपासला. सील शाबूत होतं. पाइपात तेलाचा थेंब नव्हता. इंजिनाच्या तेलाची कांडी ओढून पाहिली, तेल जिथल्या तिथं. डिझेल तर त्यानं हात मारायच्या आधीच तोडलं होतं. मग ती दोन मिनिटं इंजिन काय पिऊन पळालं?

तळहातावर लाल गोल उमटला होता. तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

५

त्यानं टर्बोच बदलून टाकला. गॅरेजात नवा कोरा पडून होता तो बसवला, पाइप बदलले, फिल्टर बदलला. मग शटर ओढून, पंखा बंद करून, उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. त्यानं अर्धा तास धरली. धूर पत्र्यापर्यंत सरळ जात राहिला. आकारामला हसू आलं आणि थोडं रडूही आलं. रोग त्या जुन्या टर्बोत होता, तो निघाला, संपलं. त्यानं बूच भंगाराच्या पिंपात फेकलं.

शुक्रवारी पहाटे सम्राट गाडी न्यायला आला तो मोनाला घेऊनच. नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला घरच्या लक्ष्मीनं केबिनात बसायचं, ही सम्राटच्या घरची रीत. आकारामची एकुलती लेक नवी साडी नेसून, स्टेअरिंगला हळदकुंकू लावून बसली होती.

"मोना कशाला?" आकारामच्या तोंडून निघून गेलं.

"रीत हाय मामा," सम्राट म्हणाला. "तुम्हीच म्हणालासा की, इंजिन टकाटक हाय. हाय न्हवं?"

मोना वरून बघत होती. आकारामनं तिच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. आता सांगायचं तर उदबत्तीपासून सगळं सांगावं लागणार. पोरं हसतील. किंवा हसणार नाहीत, आणि ते त्याहून वाईट.

"टकाटक हाय. जावा," तो म्हणाला.

६

जुना टर्बो टेबलावर वर्तमानपत्रावर पडला होता. दोन्ही तोंडं उघडी, नळ्या तोडलेल्या, कशाला काही जोडलेलं नाही. दिवसभर आकारामनं त्याच्याकडं पाठ करून काम केलं. साडेतीनला ऊन पत्र्यावर आलं आणि शेड तापलं. तो पाणी प्यायला उठला तेव्हा त्याला चाक फिरताना दिसलं.

सावकाश फिरत होतं. पंखा, त्यानं मनाला सांगितलं आणि जाऊन बटण दाबलं. पंखा थांबला. चाकानं वेग घेतला, मग ढेपाळलं, मग पुन्हा घेतला. आणखी एकदा तसंच. आकाराम पेला हातात धरून उभा राहिला. हे त्याला ओळखीचं होतं. गियर बदलताना टर्बो असाच दम सोडतो.

फोन वाजला. मोना. त्यानं स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"आबा, दाजीपूर मागं गेलं. चढाला गाडी काय पळती म्हणून सांगू! हे म्हणत्यात, मामांनी जादू केली. ऐका शिट्टी."

तिनं फोन खिडकीशी धरला असावा. शिट्टी ऐकू आली. फोनमधनं एक आणि टेबलावरनं एक, दोन्ही एकाच सुरात. फोनमध्ये सम्राटनं गियर टाकला, टेबलावरचं चाक ढेपाळलं आणि पुन्हा उचललं.

"मोना," आकाराम म्हणाला. "त्यास्नी म्हणावं गाडी बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता."

"आता कशी घेणार? घाट लागला की. उतार सुरू झाला."

टेबलावरचा आवाज चढू लागला. वर्तमानपत्राचं पान फडफडलं आणि चिकटून बसलं. फोनमध्ये मोनाचा आवाज बदलला. "आबा, हे रेसवरचा पाय काढून बसल्यात, तरी पळायलीया. आबा!"

मागनं सम्राट ओरडला, "मामा! किल्ली काढली! बंद होईना झालीया!"

सोळा टन साखर, फोंड्याचा उतार, केबिनात लेक. आकारामनं विचार केला नाही. एकतीस वर्षांत हाताला जे माहीत झालं होतं ते हातानं केलं. उजवा तळहात त्यानं टर्बोच्या तोंडावर सपाट मारला.

७

दोन्हीकडचा आवाज एकदम गेला. फोनमध्ये ब्रेकची हवा फसफसली, टायर घासले, आणि मग बराच वेळ नुसतं मोनाचं रडणं.

"थांबली," सम्राट लांबून म्हणाला. "डोंगराच्या कडंला थांबली. आपसूक बंद पडली बघा. मी चाकाला दगड लावतो."

देवा जोतिबा, असं आकाराम मोठ्यानं म्हणाला. मग हात काढायला गेला. करंगळी जेमतेम उचलली असेल, फोनमध्ये इंजिन घुरकलं आणि मोना किंचाळली, "आबा, गाडी हालली! हे चाकाम्होरं हायत!" त्यानं पूर्ण जोरानं हात दाबला. इंजिन गप्प झालं.

"वाचलो," सम्राटचा आवाज आला. "मोना, कशालाबी हात लावू नगंस."

"मी कुठं लावलाय? मी नुसती बसलोय."

आकारामनं डावा हातही उजव्यावर ठेवला. खालून ओढ लागत होती, मग सुटत होती. आत पाच, बाहेर पाच. "मोना, उतर खाली," तो म्हणाला. "उतर आन् गाडीपासनं लांब पळा दोघंबी."

"दार उघडंना आबा माझ्याकडचं. कडंला दरड हाय. ह्यांच्या बाजूनं येतो, पण थांबा, ते गाडीखाली शिरून हवेचा पाइप सोडवायल्यात. कशानं बंद पडली बघतो म्हणत्यात."

"नको! त्यास्नी म्हण नको!"

ती ओरडून सांगत होती. पलीकडं पान्याचा खडखडाट झाला, पाइप निघाल्याचा आवाज आला. मग सम्राटचं बोलणं अर्ध्यातच तुटलं.

"काय झालं वो?" मोना विचारत होती. "काय दिसलं?" आणि मग फोनमध्ये, अगदी बारीक आवाजात, "आबा, हे म्हणत्यात आत हात हाय. कुणाचा तरी. आतल्या अंगानं तोंड दाबून धरलंय म्हणत्यात."

आकारामच्या तळहाताच्या मधोमध, खालच्या बाजूनं, काहीतरी टेकलं. ऊबदार होतं. एक बोट होतं ते, भेदरलेलं, चाचपडणारं. तळहातावरच्या रेघांवरून फिरलं आणि चटका बसावा तसं मागं गेलं.

"सम्राटराव, मी हाय!" आकाराम ओरडला. "माझा हात हाय त्यो! हात लावू नका, आधी तिला खाली उतरवा!"

"आबा, तुमचा आवाज तुटायलाय. काय म्हणालासा? हे पहार काढायल्यात. ठेचून काढतो म्हणत्यात."

"मोना, तू आधी उतर!"

फोन कट झाला. दाजीपूरच्या पुढं रेंज अशीच जाते. आकारामनं डाव्या हातानं पुन्हा लावायचा प्रयत्न केला, बोटं घामानं घसरत होती. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, असं बाई तीनदा सांगून गेली.

हात काढला तर इंजिन सुरू होणार होतं. सम्राट समोर उभा होता आणि लेक केबिनात होती. ती उतरली की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता.

बाहेर हायवेवरून गाड्या चालल्या होत्या. खालच्या बाजूनं लोखंडाचं थंड टोक तळहाताला लागलं, मापून बघावं तसं टेकलं, आणि जोर घ्यायला मागं गेलं.

आकारामनं डोळे मिटले आणि हात आणखी घट्ट दाबला.